कन्या राशीचा चौकोन

वैजनाथने दिवाळी अंक तोंडासमोर धरला आणि पानाला पडलेल्या चौकोनी भोकातून तो आमच्याकडे बघू लागला. त्याचा एकच डोळा दिसत होता, आणि तो डोळा एकेकावर थांबत थांबत पुढे सरकत होता.

"बघा," तो म्हणाला. "वार्षिक भविष्याचं पान. मेष हाय, सिंह हाय, तूळ हाय. कन्याच न्हाई. आन् हा काय पहिला अंक न्हाई. चोर बाकी काय नेत न्हाई, एकच रास नेतोय."

वैजनाथचं चौकात खतांचं दुकान. गेल्या वर्षापासून तो आमच्या वाचनालयाचा अध्यक्ष झाला होता. त्याच्या बाजूला बसलेले जस्टिन मास्तर वेगळ्याच कारणाने तापले होते.

"राशीचं मला काही नाही," ते म्हणाले. "पण त्या चौकोनाच्या मागच्या बाजूला कथेचा शेवट होता. नवरा परत येतो की नाही, तेच कापून गेलं. दोन रात्री झोप नाही मला."

"येत न्हाई, मास्तर. कुणाचाच येत न्हाई," मागून एक बाई म्हणाली आणि सगळे हसले. वैजनाथ हसला नाही.

टेबलामागे यशोधरा पुस्तकांना चिठ्ठ्या डकवत होती. ती मान वर न करता म्हणाली, "अंक साऱ्या आळीतून फिरून येतो, भाऊ. कुठल्या घरात कापला, कसं सांगणार?"

ते खरंच होतं. आमच्या गावात दिवाळी अंक एकाच्या नावावर जातो, पण तो तिथे राहत नाही. शेजारीण वाचते, तिची सून वाचते, सुनेची आई पाहुणी आली असली तर तीही वाचते. वाचनालयात परत येईपर्यंत अंकाला चार घरांच्या फोडणीचा वास लागलेला असतो. वाचनालय चावडीच्या मागच्या खोलीत होतं, मिरजगावहून येणारी एसटी दिवसातून एकदाच फाट्यावर थांबायची, तेव्हापासून हे असंच चालत आलं आहे. मी तेव्हा नवी सून होते. अंक पदराखाली लपवून न्यायचे, कारण सासूबाईंना आधी वाचायचा असे.

त्या दिवसापासून गावात कन्या राशीचा माणूस सापडेनासा झाला. जन्मभर आपली रास अभिमानाने सांगणारे लोक चाचरू लागले. पिठाच्या गिरणीवाला म्हणाला, माझी तूळ असावी, जन्मवेळेत घोळ आहे. खुद्द वैजनाथची बायको कन्या राशीची. तिने माहेरून पत्रिकाच हरवल्याचं सांगून टाकलं. सगळ्यांचा एकच हिशेब होता. ज्याची रास, तोच चोर. आपलं भविष्य घरी जपून ठेवायला त्याने कापून नेलं असणार.

राशीवरून कुणी सापडेना, तेव्हा संशय दुसरीकडे वळला. जे मानतच नाहीत त्यांच्याकडे. जस्टिन मास्तर दर दिवाळीला म्हणायचे, उद्याचं देवाच्या हातात आहे, अंकाच्या नाही. ते आता लोकांना आठवू लागलं. आणि यशोधराच्या वडिलांनी घरात पंचांग येऊ दिलं नव्हतं, हेही आठवू लागलं.

यशोधरा वाचनालयात लागली तेव्हा केस काळेभोर होते तिचे. तिच्या हातून पुस्तक घेणं काही घरांना पहिल्यांदा जड गेलं होतं. टेबलावर ठेव, मी उचलतो, असं म्हणणारे होते. ती ठेवायची. मग हळूहळू त्याच घरांतली पोरं तिच्या हातातून पुस्तकं हिसकावून घेऊ लागली, आणि आधीचं कुणी बोलेनासं झालं. मी विसरले नव्हते. तीही विसरली नसणार.

मला तिचा संशय आला तो निराळ्याच गोष्टीवरून. चौकोन फार नीट कापलेला होता. घरातली कात्री अशी चालत नाही. पट्टी धरून, ब्लेडने, खालच्या पानाला ओरखडाही न उमटू देता. वर्तमानपत्रातली कात्रणं फळ्यावर लावायला यशोधरा असंच कापते, हे मी कितीदा तरी पाहिलं होतं. मी कुणाला बोलले नाही. पण वाचनालयात गेले की माझी नजर तिच्या टेबलाच्या खणाकडे जाई, आणि ती खण गुडघ्याने लोटून बंद करी.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे बायकांचं वाचन असतं. यशोधरा वाचते, आम्ही ऐकतो. ज्यांना वाचता येत नाही त्या येतात, ज्यांना दिसत नाही त्या येतात, आणि माझ्यासारख्या घरी बसवत नाही म्हणून येतात. एरवी कथा असते. दिवाळीनंतरच्या रविवारी मात्र बायका आधी राशी वाचायला लावतात. यशोधरा बाजारभाव वाचावेत तशा वाचायची. कुणी चिडवलं तर म्हणायची, "मत माझ्या घरी. वाचनालय तुमचं."

यंदाच्या त्या रविवारी, चौकोनाची बोंब व्हायच्या आधी, पुष्पावती पुढेच बसली होती. पुष्पावती माझ्या शेजारची. साखरेमुळे नजर अधू झालेली, म्हणून पुढे कन्या राशीची असूनही तिच्यावर कुणी संशय घेतला नाही. आणि पोटात गाठ. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, लवकर काढा. नवरा भागवत हात जोडून थकला, पण ती तारीख घ्यायला तयार नव्हती.

"कन्या वाच गं आदी माजी," ती म्हणाली होती. "अंक काय म्हनतोय ते आयकते, मग नगरला जायचं का न्हाई ते सांगते ह्यास्नी. त्या मोबाईलमधलं मी मानत न्हाई. छापल्यालं पायजे."

यशोधराने पान उघडलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग वाचलं, "कन्या. जुनं दुखणं मुळापासून जाईल. वैद्यांचा सल्ला मानावा. उशीर करू नये."

मला तेव्हा वाटलं होतं, यंदा भविष्य लिहिणारा चांगला शहाणा मिळाला आहे.

चौकोनाची बोंब झाल्यावर काही दिवसांनी माझी भाची नगरहून आली. येताना तिने माझ्यासाठी अंक विकत आणला होता. तोच अंक. त्यातलं भविष्याचं पान धड होतं. मी उभ्या उभ्याच कन्या रास वाचली. प्रकृतीला कठीण वर्ष. शस्त्रक्रियेचे निर्णय चैत्रापर्यंत पुढे ढकलावेत. घाईने घात होईल.

मी अंक पिशवीत घातला आणि भर दुपारी वाचनालयात गेले. तिथे कुणी नव्हतं. अंक तिच्यापुढे उघडून ठेवला. तिने बघितलं आणि म्हणाली, "अक्का, दार लोटा."

मी दार लोटलं.

"तू मनाचं वाचलंस."

"हो."

"यशोधरा, गावाला काय वाटेल?"

"अक्का, पान माझ्यासमोर होतं आणि त्या बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. घाईने घात होईल, हे वाचायला हवं होतं का मी? तुम्ही वाचलं असतं?"

ती हळू बोलत होती, पण बोटाने टेबलाची कड घासत होती.

"दुसऱ्या दिवशी त्यांनी सुनेला पाठवलं. अंक द्या, परत वाचून घ्यायचंय म्हणाल्या. मी म्हटलं, उद्या देते. त्या रात्री कापलं. मग बाकीचे अंक उघडून पाहिले. सगळ्यांत वाईट नव्हतं लिहिलेलं, पण जिथे ऑपरेशनचं नाव आलं तिथे कापलं. नाहीतर फिरत फिरत त्यांच्या घरी गेलंच असतं." तिने माझ्या अंकाचं पान तळव्याने सपाट केलं. "इतकी वर्षं पोरांना पानाचा कोपरा दुमडू दिला नाही मी."

"वैजनाथला खरं सांग. मी येते बरोबर."

"त्यांना सांगितलं की संध्याकाळपर्यंत पुष्पाबाईंच्या ओट्यावर पोचेल. त्यांनी तारीख घेतली आहे. चोर शोधायला भाऊंनी रविवारी बैठक ठेवली आहे, ती झाली की मंगळवारी ऑपरेशन. तोवर कुणाला कळता कामा नये."

"आणि रविवारी तुझ्यावर आलं तर?"

"बघू."

रविवारी खोली भरली होती. एरवी बैठकीला सतरंजी अर्धी रिकामी असते. त्या दिवशी चोर सापडणार म्हणून लोक दारात उभे होते. पुष्पावतीही आली होती, शाल पांघरून, सुनेच्या आधाराने. माझा अंक माझ्या पिशवीत होता आणि पिशवी मी मांडीवर घट्ट धरून बसले होते.

वैजनाथने सरळ जस्टिन मास्तरांवरच घसरायला सुरुवात केली.

"मास्तर, मागल्या दिवाळीला तुमीच म्हनला हुता, ही भविष्याची पानं बंबात घाला म्हनून. म्हनला हुता का न्हाई?"

"म्हणालो होतो. अजूनही म्हणतो," मास्तर म्हणाले. "पण मी कापलं असतं, तर आधी कथेचा शेवट वाचून मग कापलं असतं."

थोडे लोक हसले, पण हसू लवकर विरलं. दारातून कुणीतरी म्हणालं, "तुमच्यातले लोक गोड बोलून काय काय करतात, म्हाईत हाय." मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी या गावाच्या दोन पिढ्यांना बाराखडी शिकवली होती. ते उठायला लागले.

"बसा, मास्तर," वैजनाथ म्हणाला. "सभासदत्वाचं आज आपन ठरवूनच टाकू—"

"मी कापलं," यशोधरा म्हणाली.

ती टेबलामागे उभी राहिली होती. एवढ्या लोकांतही शेजारच्या गिरणीचा पट्टा फिरताना ऐकू येऊ लागला.

"तुमी?" वैजनाथला ते जड जात होतं. यशोधराने त्यालाही कधीकाळी गोष्टीची पुस्तकं निवडून दिली होती. "का पन?"

"पानं मी कापली. कारण सांगणार नाही."

"आसं कसं? वाचनालयाची बाईच पानं कापती, आन् वर कारन सांगत न्हाई?"

"ह्यांच्यात मानत न्हाईत ना," दारातलाच आवाज पुन्हा म्हणाला. "आपल्या लोकांनी बी वाचू न्हाई म्हनून."

माझा हात पिशवीत गेला. यशोधराने माझ्याकडे पाहिलं. वाचनाच्या वेळी कुजबुजणाऱ्या बायकांकडे ती पाहायची तसं, एकदाच. मी हात बाहेर काढला.

तेवढ्यात पुष्पावतीचा आवाज आला. "माजीच रास का गं पन? मी काय वाईट केलतं तुजं?"

यशोधरा टेबलावरच्या चिठ्ठ्या सरळ करू लागली. पुष्पावतीच आपल्याशी बोलत राहिली. "जाऊ दे. कापलं तर कापलं. मी आयकलंय माजं. उशीर करू नका म्हनलंय अंकात. परवा जानार हाय मी नगरला."

यशोधराने कमरेची किल्ली सोडली, टेबलावर ठेवली, आणि चपला हातात घेऊनच गर्दीतून बाहेर पडली. कुणी तिला अडवलं नाही, पण वाट द्यायलाही लोकांना थोडा वेळ लागला.

पुष्पावतीचं ऑपरेशन नीट झालं. गाठ मोठी होती. चैत्रापर्यंत थांबला असता तर मी हात लावला नसता, असं डॉक्टर भागवतला म्हणाले. ती घरी आली तेव्हा मी मऊ भात घेऊन गेले.

"अक्का, अक्षर न् अक्षर खरं झालं बघ," ती मला म्हणाली. "मुळापासून जाईल म्हनलं हुतं, गेलं. आन् त्या बाईनं नेमकं तेच पान कापलं! मी देवाच्या फोटूपशी लावून ठिवलं आसतं. काय वैर म्हनावं हे?"

मी तिला भात भरवला आणि उठले. तशीच यशोधराच्या घरी गेले. ती अंगणात शेंगा फोडत बसली होती.

"आता सांगते मी सगळ्यांना," मी म्हटलं. "आता तर ती बरी झाली."

"अजून वर्षभर औषधं आहेत त्यांची, अक्का. तपासण्या आहेत. अंकाचं भविष्यही वर्षाचंच आहे." तिने टरफलं सुपात बाजूला सारली. "आत्ता कळलं, तर घाईने घात होईल हेच त्यांच्या मनात बसेल. प्रत्येक कळ त्यातलीच वाटेल. राहू द्या."

"आणि तुझं नाव?"

"माझ्या नावाला सवय आहे," ती म्हणाली, आणि मला मूठभर शेंगा दिल्या.

आता टेबलामागे प्रार्थना बसते. शिकलेली, गोड बोलणारी, लग्न होऊन आमच्या गावात आलेली. वैजनाथने तिला बजावून ठेवलं आहे, यशोधराने काहीही परत आणलं तर पान न् पान बघून घ्यायचं. यशोधरा साधी सभासद म्हणून येते. परवाच्या रविवारी ती एक अंक परत करायला आली तेव्हा मी होते, जस्टिन मास्तर होते, आणि बाकावर पुष्पावती बसली होती, अंगाने जरा भरलेली.

"राहू द्या, मॅडम," प्रार्थना ओशाळून म्हणाली. "तुमचं काय बघायचं?"

"नियम आहे. बघ."

"बघ गं, पोरी," पुष्पावती बाकावरून म्हणाली. "मदली पानं बी बघ. तिथंच हात चालतो."

प्रार्थनाचे हात अंकाला लागेनात. मग यशोधराने तो स्वतःच उघडला. पुष्पावतीला अंधुक तरी दिसावं म्हणून बाकाच्या बाजूला वळवला. एकेक पान उलटायची, तळव्याने सपाट करायची, थोडं थांबायची, मग पुढचं. मास्तर खिडकीबाहेर बघत होते. शेवटचं पान झाल्यावर तिने अंक मिटला.

"आता तब्येत कशी आहे?" तिने विचारलं.

पुष्पावतीने तोंड फिरवलं. "बरी हाय," ती भिंतीला म्हणाली.

यशोधराने मान हलवली, अंक प्रार्थनाकडे सरकवला, आणि पुस्तकं न्यायला लागलेल्या रांगेत जाऊन सगळ्यांच्या मागे उभी राहिली.