अकरा ते पाचची मोजणी

"रिकामी? कोणत्या शहाण्याने लिहिलंय हे?" नकाशावर बोट आपटत शिलाईवाल्या मावशी कडाडल्या. सुनावणीच्या खोलीत शेवटच्या बाकावर बसलेल्या टेपमामांच्या तोंडातला चहा तोंडातच राहिला.

तो शहाणा म्हणजे तेच होते! नगररचनेच्या कचेरीत तीस वर्षं मोजणीदार. निवृत्तीला उरले होते अठरा दिवस. एवढ्या वर्षांत त्यांची मोजणी वीतभरही चुकली नव्हती, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान!

नव्या आराखड्यात शाळेमागचं मैदान पुसून तिथे दवाखाना येणार होता. कारण मामांच्या नोंदीत स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'जागा रिकामी, वापर नाही.'

"मावशी, वस्ती वाढतेय," सुनावणी घेणारे साहेब समजुतीने म्हणाले. "उद्या दवाखाना नको का?"

"हवाय की! माझेच गुडघे बोंबलतायत. पण पोरी खेळतात, म्हातारे पाय मोकळे करतात. त्यांनी काय तुमच्या टेबलावर फेऱ्या मारायच्या?"

खोलीत हशा पिकला.

"नोंदीत तर कुणीच नाही. मामा, तुम्ही स्वतः गेला होतात ना?"

"चार वेळा, साहेब. कचेरीच्याच वेळेत..."

बोलता बोलता मामांची जीभ अडखळली. कचेरीची वेळ म्हणजे अकरा ते पाच. तेव्हा पोरी वर्गात, म्हातारे वामकुक्षीत, मावशी मशीनवर. मैदानात असणार कोण, कपाळ? टेप बरोबर होती. घड्याळाने घात केला होता.

"मग झालं तर," म्हणत साहेबांनी पान उलटलंसुद्धा. गप्प बसलं की सगळं निभावत होतं.

मामा उठले. "साहेब, नोंद चुकलीय. माझी. मी भरदुपारी गेलो होतो."

"अहो, जाता जाता सेवापुस्तकात शेरा कशाला ओढवून घेताय?" साहेब हळूच म्हणाले.

"येऊ दे शेरा. आज संध्याकाळी परत मोजतो."

मावशी एकदम मवाळ झाल्या. "मग सहाला या. आणि चपला नको, बूट घाला. पोरींचा चेंडू माणूस ओळखत नाही!"

सहाच्या आधी मामांनी मैदानाच्या कडेचं पडकं गोदाम मोजलं. दोनदा मोजलं. दवाखाना दुमजली बांधला तर तिथे आरामात बसत होता. तसं त्यांनी वहीत लिहिलं, जुन्या नोंदीतल्या 'रिकामी'वर रेघ मारली आणि खाली पूर्ण सही केली.

मग खांद्यावर मोजणीची तिपाई घेऊन ते मैदानात शिरले. इथे ठेवावी तर पोरींची धाव आडवी येई. तिथे ठेवावी तर आजोबांची फेरी अडे. पलीकडे मावशी गुडघे चोळत गवतावर बसल्या होत्या, आजूबाजूला आठ-दहा जणी.

"मामा, सरका ना! खेळ थांबलाय!"

तिपाईचे तीन पाय टेकवायलाही जागा मिळेना. मामांनी ती मिटली, काखेत धरली आणि कडेला उभे राहून आपली पाळी येण्याची वाट पाहू लागले.