थांबायचं नाही, म्हणाली अंबू बॅग

हो, मीच बोलतेय. रुग्णवाहिकेच्या डाव्या कप्प्यात, कापसाच्या बंडलांमागे कोंबलेली असायची ती पिशवी. डॉक्टर मला अंबू बॅग म्हणतात, पेशंटचे नातेवाईक 'तो फुगा' म्हणतात. फुगा! जणू मी वाढदिवसाला भिंतीवर टांगायची वस्तू. म्हणा बापडे, पण आज माझं ऐकल्याशिवाय उठायचं नाही.

माझं काम सरळ आहे. माणसाचा श्वास बंद पडू लागला की त्याच्या नाकातोंडावर माझा मास्क घट्ट बसवायचा आणि मला हाताने दाबायचं. माझ्यातली हवा त्याच्या छातीत जाते. हात सैल सोडला की मी आपोआप पुन्हा फुगते. मला वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही. लागतो तो फक्त एक न थांबणारा हात.

जन्म कारखान्यातला. एका खोक्यात आम्ही वीस बहिणी होतो. जळगावच्या गोदामात सहा महिने धूळ खाल्ली, मग फैजपूरकडच्या या गाडीत आले. इथे शेजारी कोण, तर व्हेंटिलेटर! त्याला आकडे दाखवणारा पडदा, लाल-हिरवे दिवे, वर प्लॅस्टिकचं कव्हर. पाहणीला साहेब आले की सगळे त्याच्याभोवती. माझ्यावर मात्र एकदा कुणीतरी चक्क जेवणाचा डबा ठेवला होता. वरणाचा वास दोन दिवस गेला नाही. मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

मग गेल्या ऑगस्टातली ती दुपार आली. व्हेंटिलेटर दुरुस्तीला गेला होता आणि कुंदाबाई गाडीत आली.

कुंदाबाई आपल्याच केळीच्या बागेत बुंध्याशी फुटलेली पिलं कापत होती. वाळल्या पानांखालून नाग निघाला आणि हाताला चावला. नवरा जीवराम शहाणा, कुठेही न थांबता तिला मोटारसायकलवरून फैजपूरच्या दवाखान्यात घेऊन आला. सापाच्या विषावरचं औषध लगेच सुरू झालं. पण विष पुढे निघून गेलं होतं. पापण्या मिटल्या, मान लुळी पडली, श्वास उथळ झाला. जळगावच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. गाडीत मागे डॉक्टर मोनाली, जीवराम आणि त्याचे थोरले चुलते गिरधरनाना.

फैजपूर सुटत नाही तोच श्वास थांबला. मोनालीने मला खस्सकन ओढून काढलं.

"जीवरामभाऊ, मास्क मला दोन्ही हातांनी धरावा लागेल. ही पिशवी तुम्ही दाबा."

जीवरामने मला धरलं, आणि बाई गं! वीस वर्षं त्याच्या पाठीवर फवारणीचा पंप. दांडा जितका जोरात मारावा तितका फवारा लांब, एवढंच त्याच्या हाताला ठाऊक. त्याने मला तशीच हाणायला सुरुवात केली. धडाधड, धडाधड. हवा छातीत जायची सोडून कुंदाबाईच्या पोटात शिरायला लागली.

"भाऊ, हा फवारणीचा पंप नाही! पोट फुगतंय त्यांचं!"

"मंग कसं दाबू, मॅडम?" तो रडत होता आणि रडता रडता आणखीच जोरात दाबत होता.

मोनाली जळगावातल्या पिंप्राळ्याची, शहरात वाढलेली. पण दोन वर्षं या रस्त्यावर केळीचे ट्रक भरताना ती रोज बघत आली होती. ती म्हणाली, "घड खाली ठेवताना काय करता?"

"टेकवतो अलगद. नही तर साल काळी पडते."

"मग तसंच दाबा. घड टेकवायचा, हात सोडायचा, दुसरा आणायला वळायचं, मग पुन्हा टेकवायचा."

आणि जमलं की हो! त्याच्या बोटांत एकदम शहाणपण आलं. मी दबले, कुंदाबाईची छाती वर आली. मी फुगले, छाती खाली बसली. आमोदा मागे पडलं. मला इतका अभिमान कधी वाटला नव्हता. मनात म्हटलं, बघा रे, पडदेवाल्यांनो!

पण गिरधरनाना मघापासून कुंदाबाईच्या तोंडाकडेच बघत होते. चेहरा राखेसारखा, हातपाय सैल. ते हळूच म्हणाले, "जीवराम, गेली रे ती. जळगावले नेली का चिरफाड करतीन तिची. घरी ने, बावा. अंगणात ठेव तिले."

"नाना, नाडी लागतेय," मोनाली म्हणाली.

"तुमी तं तसंच म्हनता, मॅडम." नानांनी जीवरामच्या मनगटावर हात ठेवला. "सोड आता. हाल नको करू तिचे."

नाना दुष्ट नव्हते. सुनेच्या देहाला कुणी सुरी लावू नये, एवढीच त्यांची माया होती. पण त्या मायेने जीवरामचा हात थांबला.

गाडी तापीच्या पुलावर होती. मी फुगून तयार, आणि मला दाबणारं कुणी नाही. एक श्वास चुकला. दुसरा चुकला. मला तोंड असतं तर मी त्या दोघांना असं काही सुनावलं असतं की खालचं पाणी थांबलं असतं! अरे, मी अजून हवा घेऊन बसलेय, आणि तुम्ही तिला अंगणात कसलं ठेवता?

मोनालीने एका हाताने मास्क दाबला, दुसऱ्या हाताने मला हिसकावलं आणि श्वास दिला. मग कुंदाबाईच्या कानाशी वाकून ओरडली, "कुंदाताई, ऐकू येत असेल तर पायाचा अंगठा हलवा!"

काहीच झालं नाही. मोनालीने मला पुन्हा दाबलं.

मग उजव्या पायाचा अंगठा हलला. अगदी थोडा. आणि एवढ्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही असं कुंदाबाईला वाटलं असावं, कारण तो पुन्हा दोनदा हलला.

जीवरामने मला जवळजवळ ओरबाडूनच घेतलं. नानांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. नशिराबाद आलं तेव्हा तेच ताल धरत होते, "टेकव... सोड... टेकव... सोड..." जळगावच्या दवाखान्याच्या दारापर्यंत त्यांचा आवाज थांबला नाही.

पंधरा दिवसांनी कुंदाबाई आपल्या पायांनी गाडीपाशी आली. सोबत जीवराम, नाना आणि केळीची एक फणी. मोनालीला म्हणाली, "मॅडम, डोये उघडत नव्हते, पन मी सारं आयकत होती." मग नानांकडे वळली. "काहो नाना, अंगणात मले कुठी ठेवनार होते? तुळशीपाशी का गोठ्यापाशी?"

नानांनी केळीची फणी मोनालीच्या हातात दिली. मग म्हणाले, "मॅडम, मलेबी शिकवा तो फुगा दाबाले."

आता मी म्हातारी झालेय. माझी झडप अडकते, अंगाला भेगा पडल्यात. नवी पिशवी आली तेव्हा मला कचऱ्यात टाकणार होते. पण मी इतक्या सहजासहजी जाणारी नाही. मोनालीने माझ्यावर 'फक्त सरावासाठी' असं लिहिलं आणि सरावाच्या एका पुतळ्यासोबत मला कुंदाबाईच्या गावी नेलं. तिथे दर महिन्याला मंदिराच्या ओट्यावर मला गावकऱ्यांच्या हातात देतात. कुणी फवारणीच्या पंपासारखं हाणायला लागला की कुंदाबाई त्याच्या हातावर चापटी मारते.

तुम्हाला माझं एकच सांगणं आहे. डोळे मिटलेले दिसले म्हणून माणसाला घरी न्यायची घाई करू नका. श्वास तुम्हाला देता येतो. मी नसेन तर माझी दुसरी बहीण असेल, पण तिला हात मात्र तुमचाच लागेल.

परवा नानांची पाळी होती. पाच मिनिटांत त्यांचे हात भरून आले, कपाळावर घाम आला.

"किती येळ दाबाचं वं हे?" त्यांनी विचारलं.

कुंदाबाई समोरच बसली होती. म्हणाली, "जळगाव येईपर्यंत, नाना."