अकरा हात पाण्यात

कूलरची टाकी एक, पाणी सोळा सेंटिमीटर. पत्र्याची तीन मजली पेटी एक: लांबी साठ, रुंदी दहा, उंची सहा सेंटिमीटर. तूरडाळीच्या सारख्या वजनाच्या पुड्या बऱ्याच. कोनमापक एक. माणसं तीन: मी, एझ्राकाका आणि टाकी-पेटी दोन्ही बनवणारा कचरू.

एझ्राकाका पेझारीकर रेल्वेत गार्ड होते. निवृत्तीनंतर नांदुऱ्यातच राहिले. गावात ज्यू घर त्यांचं एकच. ज्यू लोक दर आठवड्याला तोरा या धर्मग्रंथाचा ठरलेला भाग वाचतात. या शनिवारी ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनाघरात, नोहाच्या तारवाचा भाग होता आणि त्यावर बोलायला काकांना पहिल्यांदाच बोलावलं होतं. त्यांनी नऊशे वर्षांपूर्वीच्या एका फ्रेंच भाष्यकाराचं गणित निवडलं.

"प्रलयाचं पाणी डोंगरांवर पंधरा हात होतं," काका कचरूला सांगत होते. "ते साठ दिवसांत ओसरलं. म्हणजे चार दिवसांना एक हात. तारू डोंगराला टेकलं सोळाव्या दिवशी, तोवर पाणी चारच हात उतरलेलं. म्हणून तारवाचा तळ अकरा हात पाण्यात."

"अकरा हात म्हंजे साडेपाच माणसं," कचरू म्हणाला. "एक थोटा व्हता काय?"

"कोपरापासून बोटापर्यंतचा हात रे, मापाचा!"

काकांचा मेहुणा इंजिनिअर. त्यानं फोनवर बजावलं होतं, तीस हात उंच तारू अकराच हात बुडालं तर वाऱ्यानं कलंडेल. सगळ्यांसमोर हसं होईल. सहाच्या गाडीचं तिकीट होतं, पिशवी भरून दारात होती.

"ही पेटी उलटली तर मी जात नाही, स्वरदा," काका म्हणाले.

पाच हातांना एक सेंटिमीटर धरून मी पेटीवर बाहेरून, तळापासून अकरा हातांवर रेघ मारली.

"जनावरं कुठी हायेत?"

"या पुड्या."

"मंग हत्ती खाली ठेवजा ताई. पेटी माही हाये, बदनामी माहीच होईन."

"सगळे मजले सारखे. लबाडी नाही."

पाणी रेघेला लागेपर्यंत पुड्या ठेवल्या. पेटी उजवीकडे तीस अंश कलवून सोडली. काका भिंतीकडे पाहत होते.

"काका, पाहा ना! उभी झाली!"

"डावीकडे कर."

डावीकडेही तीस अंश. पेटी डोलली, सरळ झाली. काकांनी पिशवी खांद्याला लावली आणि वाकून पेटीच्या तळापासून पाण्याच्या पातळीपर्यंत पट्टी धरली.

"वाच."

बावीस मिलिमीटर. अकरा हात.