दुपारच्या चारची शर्यत

मी देवमन, अमरावतीचा. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पस्तीस वर्षं तारा जोडल्या. त्याच्यातून एक खोड लागली, बिघाड झाला की तो समोरच्याच टोकाले आहे असं मी धरून चालतो. अन् डोकं असं गरम की माह्यासंगं कोनी पत्ते खेळाले बसत नाई.

खेळाले बसे ती एकटी माही मोठी बहीण, ललिताताई. अकोल्याले आपल्या पोरीजवळ, पिंकीजवळ राहे. जिंदगीत सायकल नाई चालवली तिनं. दोन वर्षांआधी पाय गेले, मंग हृदय थकलं, अन् तिनं पलंग धरला. हात तेवढे चांगले होते. माह्या पोरानं, संघपालनं, माह्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी लिनक्स टाकून देल्लं अन् गाड्यांच्या शर्यतीचा एक फुकटचा खेळ बसवला. खेळ चाले माह्या कॉम्प्युटरवर, अन् ताई तिकडून पिंकीच्या लॅपटॉपवर त्याच्यात येई. रोज दुपारी चारले पिवळी गाडी घेऊन उतरे, अन् मले हरवे.

"काहून रे देवमन, टायर पंक्चर झाला का तुहा?" असं म्हणे अन् खोकला येईपर्यंत हासे. पिंकी सांगे, दिवसभरात आई तेवढीच हासते.

मले हारणं पचत नाई. तिनं लय चिडवलं की मी कॉम्प्युटरले एक ओळ लिहून सांगायचो, की या पत्त्यावरून येणारं काहीच आत घेऊ नको. तिच्या घरच्या इंटरनेटचा पत्ता पक्का होता, पिंकीच्या ऑफिसच्या कामासाठी घेतलेला. ताईले वाटे, अमरावतीची लाईट गेली. मीही सांगतलं नाई कधी. ती ओळ मी पुसतही नव्हतो, कारण आमच्या वस्तीत लाईट रोज एकदा तरी जातेच. लाईट गेली की कॉम्प्युटर बंद, आली की आपोआप सुरू, अन् ती ओळ गायब. माहा राग असा दुसऱ्या दिवशीच्या चारपर्यंत निघून जाये. हे सारं चांगलं चाललं होतं.

डिसेंबरात एका शनिवारी संघपालनं इन्व्हर्टर बसवून देल्ला. म्हणे, बाबा, आत्याचा खेळ मधातच तुटते, आता नाई तुटणार. रविवारी ताईनं लागोपाठ तीन शर्यती जिंकल्या अन् म्हणे, "तुह्यापेक्षा पिंकीचा पाळणा जोरानं चाले." मी ती ओळ लिहिली अन् उठून गेलो.

सोमवारी सकाळी इंटरनेटवाल्याचा माणूस आला अन् जुना राऊटर बदलून नवा लावून गेला. चारले पिंकीचा फोन. "जयभीम मामा. आई आत येऊन नाई राहिली."

मी म्हटलं, नवा राऊटर, दुसरं काय. राऊटर म्हणजे घराचं फाटक. बाहेरून कोनी एका ठराविक नंबरच्या दारावर, म्हणजे पोर्टवर, आलं तर त्याले कोणत्या खोलीत पाठवायचं, हे त्याले शिकवा लागते. जुन्याले शिकवलं होतं, नव्याले मालूम नोतं. शिकवाले मंगळवारची सांज झाली, कारण त्याचा पासवर्ड त्या माणसानं बदलून ठेवला होता अन् तो फोन उचलत नोता. राऊटर दहा वेळा बंद-चालू केला. कॉम्प्युटर नाई केला. लिनक्स बंद करा लागत नाई, हे मी साऱ्या गल्लीत मिरवत होतो.

शेवटी पोर्ट उघडला. तपासून पायलं, उघडा. बायकोच्या मोबाईलच्या नेटवरून पायलं, उघडा. मंग ताईच काहून नाई येत? माह्या डोक्यात पक्कं बसलं, बिघाड अकोल्याचा.

बुधवारी मी पिंकीले धारेवर धरलं. राऊटर बंद कर, चालू कर, हे लिही, ते वाच. ती बिचारी एका हातानं आईची ऑक्सिजनची नळी धरून होती, हे मले नंतर समजलं. शेवटी म्हणे, "मामा, राहू द्या खेळ. आई म्हणते, देवमनले बोलाव. तुमी या ना."

"येतो. हे चालू करूनच येतो."

अकोला काही लांब नाई, एसटीनं अडीच तास. वरूडच्या संत्र्यांची थैली सोमवारपासून दाराजवळ भरून ठेवली होती. पण हारून कसा जाऊ?

गुरुवारी चारले ताईच फोनवर आली. आवाज बारीक झाला होता. मी तिच्यावरच चिडलो. म्हटलं, "माह्या इकडचं सारं ठीक आहे ताई. तूच चुकीचं बटन दाबून राहिली."

"असन बाप्पा," ती म्हणे. "मले काय समजते त्याच्यातलं. मी पुन्हा दाबून पायतो."

शुक्रवारी सकाळी पिंकीचा फोन आला. ताई गेली होती. संत्र्यांची थैली तशीच राहिली अन् मी अकोल्याची एसटी पकडली. ताईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, वंदना झाल्यावर, पिंकी मले म्हणे, "मामा, आई रोज चारले उशा लावून बसवून मागे. शेवटच्या दिवशी बी बसली. म्हणे, देवमन वाट पाहत असन."

घरी आलो. म्हटलं, आता हा खेळ कायमचा बंद करू. बंद करायच्या आधी सारं एकदा वाचून पाहावं, ही एक्स्चेंजची जुनी सवय. कॉम्प्युटरनं कोणाले आत घ्यायचं अन् कोणाले नाई, ती यादी उघडली. सगळ्यात वर रविवारची ओळ होती. मले ती आठवलीच नोती, कारण ती कधी एका दिवसाच्या वर टिकली नोती. यावेळी गुरुवारपर्यंत लाईट गेली असन चार-पाच वेळा, इन्व्हर्टरनं समजू देल्लं नाई.

त्या ओळीपुढे कॉम्प्युटर एक आकडा ठेवत जाते, त्या पत्त्यावरून किती ठोके आले अन् परतवले त्याचा. एकदा बटन दाबलं की पाच-सहा ठोके येतात. आकडा होता चारशे अठरा. मंगळवारी फाटक उघडलं तवापासून माही बहीण माह्या दाराशी होती, अन् तिले मीच आत घेतलं नाई. वरून तिलेच म्हटलं, तूच चुकीचं दाबून राहिली.

ताई, चूक माही होती. हे तिले आता कोणत्या पोर्टवरून सांगू?

कॉम्प्युटर मी बंद केला नाई. बंद केला तर तो आकडा जाते, अन् ती ओळ पुसली तरी जाते. म्हणून दर महिन्याले इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी टाकतो. चार वाजता खुर्चीवर बसतो. माह्या कॉम्प्युटरवर ललिताताईले बंदी अजून तशीच आहे.