पात्याखालचं कापड

धाकटीच्या नवऱ्यानं गवत कापायची गाडी टेम्पोतून उतरवली आणि ढकलत तिच्या थोरल्या बहिणीच्या गॅरेजात आणली. वर बसून चालवायची, ट्रॅक्टरच्या पिल्लासारखी गाडी. शाळांची, क्लबांची मैदानं कापून द्यायचं काम तो करायचा.

"ताई, इंजिन चालू होतं, पण पातं लावलं की किंचाळतं, धूर काढतं आणि मान टाकतं. दुपारपर्यंत करून द्या."

"धाकटीचा पाय कसाय?"

"बराय. एवढी फरशी पडली पायावर, दोन बोटांवर निभावलं म्हणायचं."

त्या घरात धाकटीवर सतत काहीतरी पडायचं. कधी कपाट, कधी दार. खोदून विचारलं की धाकटी म्हणायची, "मीच वेंधळी." आणि विचारल्याचं नवऱ्याच्या कानावर गेलं की ती आणखी कुठेतरी सुजलेली असायची. म्हणून थोरलीनं विचारणंच सोडलं होतं.

तो बाकड्यावर बसून फोनवर हसत-खिदळत राहिला. थोरलीनं आधी प्लगची वायर काढून ठेवली. खाली हात घालायचा तर हे पहिलं. बॅटरी ठणठणीत होती. फिल्टर गवताच्या भुशानं गच्च, तो झटकला. पातं फिरवणारा पट्टा मात्र एका जागी जळून काळा पडला होता. पुली फिरेनाशी झाली की पट्टा असा जळतो. म्हणजे खाली काहीतरी अडकलं होतं.

सीट उचलली तर तिथला स्विचही निकामी केलेला. चालवणारा उठला की इंजिन बंद पाडायचं एवढंच त्याचं काम. त्याच्या दोन्ही वायरी तोडून एकमेकींना पिळल्या होत्या, म्हणजे उतरलं तरी इंजिन चालूच राहणार.

जॅकनं गाडी उचलून तिनं खाली ठोकळे लावले आणि टॉर्च घेऊन आत सरकली. पात्याच्या दांड्याभोवती कापड आवळून बसलं होतं. सुरीनं कापत, पकडीनं ओढत तिनं ते सोडवलं. पोपटी कापड, त्यावर पिवळी फुलं. तो गाऊन तिनं स्वतः धाकटीला घेतला होता. त्याच्या घड्यांमध्ये वाळून काळं पडलेलं रक्त होतं, आणि रक्तात चिकटलेलं एक नख.

ती बाहेर आली ती हातात चिंधी घेऊनच.

"फरशी पडली होती ना?"

त्यानं फोन खिशात टाकला. "ती मधे कडमडली, ताई. मी ताबडतोब खाली उतरलो. उतरलं की मशीन बंदच होतं."

"तुझं होत नाही. वायरी तूच पिळल्यास."

तो उठला, शांतपणे शटरपाशी गेला आणि ते खाली ओढलं. वळला तेव्हा चेहरा बदललेला होता. काही कळायच्या आत त्यानं तिचे केस धरून तोंड कामाच्या टेबलावर आपटलं. दात तुटला. तोंडभर रक्त झालं. "नवरा-बायकोत नाक खुपसतेस?" म्हणत त्यानं जॅकचा दांडा उचलला आणि घातला. डोकं वाचलं, खांद्याचं हाड कटकन मोडलं. ती कोसळली. त्यानं दुसऱ्यांदा दांडा उगारला, तोच तिच्या डाव्या हाताला पात्याच्या बोल्टचा लांब पाना लागला. तिनं तो जीव खाऊन त्याच्या गुडघ्यावर मारला.

तो गुरासारखा ओरडत आडवा झाला. आणि मग थोरली थांबली नाही. दुसरा गुडघा. दांडा धरलेला हात. बरगड्या. प्रत्येक घावाला ती ओरडत होती, "कपाट पडलं! दार पडलं! फरशी पडली!" तो "ताई, ताई" करत हात जोडायला बघत होता, पण एक हात वर येईना. तिनं पाना त्याच्या डोक्यावर उगारला.

आरडाओरडा ऐकून शेजारच्या टायरवाल्यानं शटर वर फेकलं आणि तिला मागून कव घातली.

"पुरे, बाई! मरेल तो!"

"मरू दे."

"तुझी बहीण आहे ना घरात? तिच्याकडे कोण बघेल?"

पाना खाली पडला. टायरवाल्यानं पोलिसांना आणि ॲम्ब्युलन्सला फोन लावला. पोलीस आले आणि धाकटीच्या नवऱ्यापाशी थांबले. खांदा नुसत्या फडक्यानं बांधून, कुणाचं न ऐकता थोरली टायरवाल्याच्या टेम्पोत बसली. "आधी तिच्याकडे चल."

धाकटीनं दार उघडलं. बहिणीचं ते तोंड बघूनही तिच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा: "मशीन झालं का गं नीट? नाही झालं तर ते..." पुढचं तिला बोलवेना.

"नाही झालं. आणि तो येत नाहीये. पोलीस आहेत त्याच्यापाशी."

धाकटी आत गेली, लंगडत चार कपडे घेऊन आली. दार तिनं उघडंच टाकलं.

टेम्पो वळणावर आला तेव्हा ती समोर बघत म्हणाली, "मी मधे नव्हते आले, ताई. त्यानं मला खाली पाडलं, पाय धरला आणि पातं चालू असताना आत ढकलला. जेवायला उशीर झाला म्हणून."

टायरवाल्यानं टेम्पो बाजूला घेतला. थोरलीनं धड हातानं बहिणीची मान जवळ ओढली. धाकटी आधी ताठच राहिली. मग हुंदका फुटला तो असा की गाडीची काच हादरावी.

"अजून सांग," थोरली म्हणाली. "सगळं सांग. पोलिसांना हेच सांगायचंय."