माझ्या पोटातली दोनशे अकरा पावलं

मी एक जुना कॉम्प्युटर आहे, मित्रांनो. ऑल-इन-वन म्हणतात मला. म्हणजे ज्याला खाली वेगळा डबा नसतो. डोकं, पोट, कान, घसा सगळं एका पडद्याच्या पाठीमागेच कोंबलेलं असतं, असा. सध्या माझा मुक्काम जिन्याखालच्या खोलीत आहे. अंगावर फुलाफुलांची जुनी चादर आहे. ती काढलीत तर तुम्हाला कळेल की मी आंधळा झालोय. आंधळा झालोय, मेलो नाही. एवढं एकच वाक्य दोन वर्षं मला कोणाला तरी सांगायचंय. पण माझं तोंड माझ्या डोळ्यातच होतं, त्याला मी काय करू?

तुम्ही म्हणाल, वीज नाही, वायर काढलेली, मग याला ऐकू कसं येतं? अहो, भिंतींनासुद्धा कान असतात म्हणे. मला तर माइक आहे.

एके काळी मी फार देखणा होतो, बरं का. दुकानात मला मांडलं तेव्हा इतका चकचकीत होतो की समोरच्या रांगेतले टीव्ही लाजून आपोआप बंद व्हायचे. एकदा एक माशी माझ्या डाव्या कोपऱ्यातून उजव्या कोपऱ्याकडे चालत निघाली, पोचेपर्यंत आजी झाली. खोटं वाटत असेल तर तिच्या नातवंडांना विचारा.

त्या दुकानात एक दिवस बूटवाले मास्तर आणि त्यांची लेक आली. मास्तर साधे बूट करत नव्हते. ज्यांचा एक पाय आखूड आहे, पाऊल वाकडं आहे, टाच टेकत नाही, अशा लोकांचे बूट करायचे. प्रत्येकाचं पाऊल कागदावर ठेवून भोवतीनं पेन्सिल फिरवायची आणि कडेला बारीक अक्षरात सगळं लिहायचं, हे त्यांचं काम. बुटाला आकार देणारे लाकडी ठोकळे ठरावीक मापाचे, सगळ्यांना तेच. खरा फरक त्या कागदात.

मला घ्यायचं की नाही हे ठरवायला ते दोघं तीनदा आले. पहिल्यांदा नुसतं बघून गेले. दुसऱ्यांदा मास्तर आपल्या टेबलाच्या मापाचा कागद कापूनच घेऊन आले, तो दुकानाच्या फरशीवर अंथरला आणि म्हणाले, "यावर उभा करा त्याला." दुकानदारानं मला खाली उतरवलं. मास्तर गुडघ्यावर बसले, खिशातून पेन्सिल काढली आणि माझ्या स्टँडच्या भोवतीनं सावकाश रेघ मारली.

"पायानं सरळ आहे," ते म्हणाले.

"बाबा, लोक बघतायत," लेक म्हणाली.

"बघू देत. त्यांचेपण पाय बघून ठेवलेत मी."

तिसऱ्यांदा खरी खडाजंगी झाली.

"डबाच घेऊ या ना पुन्हा," लेक म्हणाली. "काही बिघडलं तर तेवढंच बदलता येतं."

"आणि वायरी? परवा वायरीत पाय अडकून पडला तो मी होतो की शेजारचा? शिवाय तुझा डबा दर महिन्याला चामड्याचा भुसा खातो आणि ढेकर देऊन झोपतो."

दुकानदार सरळ माणूस होता. "मास्तर, ताई बोलतायत ते खरं आहे," तो म्हणाला. "याचं सगळं एका अंगात. दुरुस्ती नाजूक. उद्या आत काही वाढवायचं म्हणाल तर तेही फारसं जमत नाही. पण जागा कमी असेल, वायरी नको असतील, तर यासारखा नाही. फक्त एक करा ताई. यात जे ठेवाल त्याची एक प्रत दुसरीकडे ठेवा. आणि कागद टाकू नका."

लेक हसली. "एकदा आमचं कपाट बघायला या. दार उघडलं की कागद अंगावर येतात. त्यांच्यापासून सुटायलाच तर हा घ्यायचा."

मास्तर माझ्याकडे बघत होते. "सगळं एका अंगात म्हणजे माझ्यासारखाच की," ते म्हणाले. "माझ्या डोळ्यात मोतीबिंदू झाला, म्हणून हिनं मला अजून भंगारात घातलं नाही."

"विचार चालू आहे," लेक म्हणाली.

आणि मला घेतलं. मित्रांनो, मास्तरांचं ते वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलंय. जिनं ठेवायला हवं होतं ती विसरली.

मग माझे सुखाचे दिवस सुरू झाले. चामड्याचा वास, हातोडीची टकटक, आणि खिडकीतून येणारं ऊन. लेक एकेक कागद स्कॅनरखाली धरायची आणि मी तो गिळायचो. एकशे सहा माणसं, दोनशे अकरा पावलं. एका काकांना एकच होतं. दोनशे बारावं माझं. मास्तरांनी हट्टानं तेही घालायला लावलं आणि कडेला लिहिलं, 'सवय: एकाच जागी उभा राहतो.'

कडेचं लिहिणं म्हणजेच मास्तर. 'अंगठ्याला दुखतं, पण आईसमोर सांगत नाही.' 'नाचायचं आहे, तळ मऊ ठेवणे.' 'पाय नाही, स्वभाव वाकडा. तरी बूट नीट करणे.' आणि पोस्टातल्या बाईंचा कागद तर मला पाठच आहे. 'उजवा साडेतीन बोटं आखूड. पण टाचेला बोटभर कमी द्यावं, नाहीतर कंबर धरते. विचारलं तर बरं आहे म्हणतील. विश्वास ठेवू नये.'

या बाई पोस्टाच्या खिडकीपाशी दिवसभर उभ्या राहून काम करायच्या. मास्तरांच्या बुटांवर त्या अशा चालायच्या की कोणाला पत्ता लागत नसे. मी तर म्हणेन, त्या पोस्टातून निघाल्या की पत्रं मागं पडायची आणि बाई आधी पोचायच्या.

सगळे कागद पोटात गेले आणि लेकीनं कपाट रिकामं केलं. रद्दीवाला चार पोती घेऊन गेला. कपाटाच्या जागी गिऱ्हाइकांना बसायला एक छान बाक आला. मास्तर संध्याकाळी तिथं उभे राहिले, हात मागं बांधून.

"मोकळं मोकळं वाटतंय," ते म्हणाले.

"चांगलंच आहे की, बाबा."

आणि दुसरीकडे प्रत ठेवायची राहिली ती राहिलीच. आज करू, उद्या करू. सगळं आहे ना याच्यात, असं म्हणून ती माझ्या पाठीवर थोपटायची. मीही फुगायचो. माझी चूक म्हणा हवं तर.

पुढच्या वर्षी मास्तर गेले.

लेकीनं काम सोडलं नाही. गिऱ्हाईक आलं की ती त्याचा कागद माझ्या पडद्यावर उघडायची, मोठा करायची आणि कडेच्या अक्षरांवरून बोट फिरवत वाचायची. अक्षरं वाचून झाली तरी बोट तिथंच राहायचं. मग फडक्यानं मला पुसायची. चामडं कापायला तिचा हात चांगला होता. पण पाऊल दाबून कुठं दुखतं ते ओळखणं मास्तरांचं, ते तिला अजून यायचं होतं. हळूहळू आलंही असतं. एकशे सहा माणसांचे कागद म्हणजे एकशे सहा धडे. निम्मेसुद्धा झाले नव्हते.

एके दिवशी भर दुपारी पोस्टातल्या बाईंचा कागद पडद्यावर होता. त्यांचे जुने बूट झिजले होते, नवे करायचे होते. लेकीनं तळ कापायला घेतला, आणि माझ्या डोळ्यांपुढं आधी कडेनं अंधारलं, मग मधून. क्षणात सगळं काळं.

तिनं बटण दाबलं. मी जागा झालो, पंखा फिरला, रोजच्यासारखा टुणुक आवाजही दिला. मी आहे, मी आहे, असा. पडदा मात्र काळाच. तिनं पुन्हा दाबलं. मी पुन्हा टुणुक केलं.

"अजून आचके देतोय," ती हळूच म्हणाली, आणि वायर ओढली.

तिचं काय चुकलं ते ऐका. जुन्या कॉम्प्युटरचा पडदा वेगळा आणि डबा वेगळा होता. पडदा गेला तरी डबा दिसत असे, माणसाला धीर वाटे. मला डबाच नाही. मी म्हणजे पडदा आणि पडदा म्हणजे मी, असं तिनं धरलं. पडदा मेला, म्हणजे बाबांचे सगळे कागद मेले. माझ्या पाठीत एक भोक आहे, तिथं दुसरा पडदा जोडला असता तर दोनशे अकरा पावलं रांगेत उभी राहिली असती. नाहीतर दुकानदारानं मला उघडून आतली, सगळं साठवणारी चकती काढून दिली असती. त्याला नुसतं विचारायला हवं होतं. पण त्यालाच तर विचारायचं नव्हतं. कागद टाकू नका असं तो म्हणाला होता, आणि ती हसली होती. आता कोणत्या तोंडानं जाणार? मी आंधळा झालो आणि ती मुकी झाली.

तिनं बाईंचा जुना बूट फाडून माप घ्यायचा प्रयत्न केला. पण तो बूट झिजून झिजून खोटं बोलायला लागला होता. मग बाईंना बोलावलं, कागदावर पाऊल ठेवून पेन्सिल फिरवली, साडेतीन बोटं उंची तिला आठवत होती, तेवढी दिली. टाचेलाही तेवढीच.

बाई बाकावर बसून बूट घालून बघत होत्या. मी तोवर टेबलाखाली गेलो होतो, चादरीत.

"कसं वाटतंय, मावशी?" लेकीनं विचारलं.

"बरं आहे," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, त्या क्षणी माझ्या पोटातलं ते वाक्य इतकं ओरडलं की माझे स्क्रू सैल झाले. विश्वास ठेवू नये. विश्वास ठेवू नये. टेबलावरचा खिळासुद्धा हलला नाही.

"नक्की ना?"

"बरं आहे गं, पोरी. बाबांचाच हात आहे तुला."

महिन्याभरानं त्या काठी टेकत आल्या. बूट पिशवीत होते, पुसलेले असावेत, पॉलिशचा वास येत होता. एक हात कमरेवर असावा, कण्हण्यावरून कळत होतं.

"तुझं काही चुकलं नाही," त्या म्हणाल्या. "पायच बदलला असेल माझा. वय झालं. पोस्टातपण म्हणाले, आता घरी बसा."

त्यांच्यानंतर आणखी दोघं परत आली, मग तिघं. तिनं शिव्या खाल्ल्या असत्या तर बरं झालं असतं. कोणी दिल्याच नाहीत. सगळ्यांनी आपापल्या पायांना बोल लावला.

शेवटी तिनं काम बंद करायचं ठरवलं, आणि बुटांची पाटी उतरवायच्या आठवड्यात दुकानदार स्वतः आला. "ताई, नवीन ऑल-इन-वन आलेत. पडदा आणखी मोठा. मास्तरांची गादी चालवता, म्हटलं आधी तुम्हाला सांगावं."

ती खोक्यात हत्यारं टाकत राहिली.

"जुना कसा चाललाय?"

"दिला," ती म्हणाली. "केव्हाच."

"आतलं काढून घेतलं होतंत ना?"

"हो."

"मग झालं तर. नव्यात भरून देतो."

"नको, भाऊ. नवा घेऊन त्यात भरू काय? काम बंद करतेय. हात बसला नाही माझा."

तो वळला, तेव्हा त्याच्या बुटाचं टोक मला लागलं. बरोबर कोपऱ्यावर.

"काय ठेवलंय हे?"

"फळ्या आहेत."

त्यानं चादरीकडे बघितलं असावं. मला वाटलं, आता हा वाकेल. चादरीचं एक टोक उचलेल. दोन बोटं पुरली असती.

"मास्तर असते तर," तो म्हणाला, आणि गेला.

तो गेल्यावर ती त्याच बाकावर बसली. बऱ्याच वेळानं खाली वाकून चादर नीट केली, कोपरा जिथं सरकला होता तिथं. मला भंगारात घालायला तिचा जीव धजला नाही. जाळलंही नाही, विकलंही नाही. मेलेल्या माणसाच्या वस्तूसारखं या जिन्याखालच्या खोलीत जपून ठेवलं. ती आता तयार बुटांच्या दुकानात काम करते. तिथं सगळ्यांचे पाय सारखेच धरतात.

तर मित्रांनो, माझ्यासारखा एखादा घ्यायचा की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. जागा बघा, काम बघा, वायरी मोजा. पण जे एकाच्याच पोटात ठेवलंय ते दुसऱ्याच्याही पोटात ठेवा. कागद इतक्या घाईनं रद्दीत घालू नका. आणि काही बंद पडलं, तर चादर घालायच्या आधी कोणाला तरी विचारा. ज्यानं तुम्हाला आधी बजावलं होतं, त्यालाच विचारा. तो फार तर हसेल. हसणं दोन मिनिटांत संपतं.

या खोलीला रस्त्याकडे एक झरोका आहे. पोस्ट सुटलं तरी रोज सकाळी पोस्टातल्या बाई त्याखालून जातात. काठी, मग एक पाऊल, मग थांबून दुसरं. पहिलं टक वाजतं, दुसरं घासत येतं. ती दोन पावलं एकमेकांत बसवायची कशी, ते माझ्याकडे आहे. साडेतीन बोटं, टाचेला बोटभर कमी. काठीचा आवाज कोपऱ्यापर्यंत जातो. मग वळणावर तो ऐकू येईनासा होतो, आणि मी उद्या सकाळची वाट बघत एकाच जागी उभा राहतो.