पेनिना आत्याची वायर

उद्या, रविवारी, इलाईया पाळक आपल्या मंडळीला निरोपाचा आशीर्वाद देणार होते. आजारपणाने त्यांचा आवाज पार खोल गेला होता. समोर बसलेल्यालाही कान पुढे करावा लागे. त्यांची लेक फेतू हिला एकच घोर लागला होता, की बाबांचे शब्द शेवटच्या बाकापर्यंत पोचावेत. आणि चर्चच्या माइकची वायर तर समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने आतून हिरवी पडलेली. बाबांपेक्षा तीच जास्त खोकायची.

"शहरातून, आपियाहून नवी आणली असतीस ना, तीही नाताळपर्यंत कुजली असती," पेनिना आत्या म्हणाली. पाळकांची ही धाकटी बहीण. किनाऱ्यावरच्या साऱ्या चर्चच्या वायरी तिच्या हातच्या, आणि त्याचा तिला तोरा केवढा! "बस इथे चटईवर. आणि बडबड नको."

बडबड तीच करत होती. "साल काढताना पातं दाबायचं नाही. नुसतं फिरवायचं, मग वाकवायचं. बघ, आपणहून उकललं."

आतल्या तारांना ओरखडासुद्धा नव्हता. वरची तांब्याची जाळी तिने नातीचे केस विंचरावेत तशी मोकळी केली आणि पीळ दिला. मग तापल्या सळईने तारेच्या टोकाला आणि माइकला जोडायच्या पिनेच्या वाटीला थोडे थोडे वितळलेले सोल्डर पाजले. "आता दोघी भेटल्या की हात सोडत नाहीत. आणि तापवायची ती तार, सोल्डर नव्हे. सांधा चकाकला पाहिजे. मळकट दिसला तर समज, वरवरचं प्रेम आहे."

फेतू बघतच राहिली. त्या जाडजूड बोटांत एवढी माया कुठून येत असेल!

ऊन खोबऱ्याच्या ढिगावरून उतरले. संध्याप्रार्थनेचा शंख कुठल्याही क्षणी वाजणार होता, म्हणून आत्याने दुसरे टोक भराभर उरकले. तीन तारा, तीन चकचकीत थेंब.

"आत्या," फेतू हळूच म्हणाली, "हे टोपण बाहेरच राहिलं की गं."

पिनांवर बसणारे लोखंडी टोपण चटईवर पडले होते. ते सोल्डरच्या आधी वायरीत ओवायचे असते. नंतर कुठूनच जात नाही.

"अगं बाई!" आत्याने कपाळाला हात लावला. "साऱ्या बेटाला शिकवते मी, आधी टोपण, आधी टोपण!"

"टेप गुंडाळू या ना, उद्यापुरती."

"खारा वारा टेपला विचारून आत येतो होय?"

तेवढ्यात शंख वाजला. आत्याने इस्तरीसारखी तापलेली ती सळई बंद केली. रस्ता थांबला, घरोघरी माणसे मांडी घालून बसली. बाबांनी प्रार्थना सुरू केली, पण ती इतकी हळू, की घरातल्या मुलांनी मधेच आमेन म्हणून टाकले. बाबा थांबले, कसनुसे हसले आणि पुन्हा पुढे म्हणू लागले. आत्याने मान वर केली नाही.

शंख पुन्हा वाजला तशी ती उठली. सळई पुन्हा तापवली, तिन्ही सांधे वितळवून तारा सोडवल्या, टोके साफ केली. "आधी टोपण," ती मोठ्याने म्हणाली, स्वतःलाच. या खेपेला घाई नव्हती. तार जुळली की वाजणारा मीटर पिनेपिनेला लावला. जिथे वाजायला हवा तिथेच वाजला. मग वायर फेतूच्या हातात दिली.

"ओढ. भाताच्या शितासारखी धरू नकोस, ओढ! तुटायची तर आज तुटू दे."

नाही तुटली.

दुसऱ्या दिवशी शुभ्र पोशाखांनी चर्च भरले. फेतू मुद्दाम शेवटच्या बाकावर बसली. बाबांनी हात उचलले आणि तो थकलेला आवाज तिच्या शेजारी बसून बोलावा तसा आला. खरखर नाही, खोकला नाही. दोन शब्दांमधला श्वाससुद्धा ऐकू येत होता. डोळे मिटून तिने देवाचे आभार मानले, आणि लगोलग आत्याचेही.

आशीर्वाद संपला. बाबा नव्या पाळकाकडे वळले आणि त्याच्या कानाशी पुटपुटले, "सांभाळ बाबा आता तू. माझे गुडघे मघापासून बोंबलतायत."

माइकने तेही पोचवले. सारे चर्च खो खो हसू लागले. बाबा आधी गोंधळले, मग तेही हसले. आत्या मात्र ताठ मानेने चहूकडे बघत होती, जणू हसू तिनेच सोल्डर करून जोडले होते.